कुंडीवरचं नाव आणि कुंडीतलं झाड जुळत नाही तेव्हा

तक्रारी ठरलेल्या असतात. फिलोडेंड्रॉन म्हणून आणलेला वेल काही महिन्यांत हुबेहूब शेजारच्या मनी प्लांटसारखा दिसायला लागतो. ‘मिनी मॉन्स्टेरा’ छताला टेकला, पण पानात एक भोक पडायला तयार नाही. गुलाबी पानांचं म्हणून दुप्पट पैसे मोजून घेतलेलं झाड हिरवंगार होऊन बसतं. फोनमधलं ॲप सकाळी एक नाव सांगतं, संध्याकाळी दिवा लावून फोटो काढला की दुसरं. नर्सरीत विचारावं तर ‘इनडोअरच आहे हो ताई, पाणी बेताचं घाला’ याच्या पुढे गाडी सरकत नाही.

नर्सरीवाला फसवतो असं दर वेळी नसतं. घरात ठेवायची रोपं आपल्यापर्यंत दोन-तीन हात बदलून येतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियमला नर्सऱ्यांचा मोठा पट्टा आहे, तिथून ट्रक भरून माल निघतो. पुण्याकडे उरुळी कांचनच्या बाजूला बऱ्याच नर्सऱ्या आहेत, आणि शेवटी आपल्या कोपऱ्यावरचं दुकान. नावाची पट्टी असलीच तर ट्रेला एक असते. ट्रे रिकामा झाला की त्यात दुसरी रोपं बसतात, पट्टी तिथेच राहते. दुकानदाराला रोप विकायचं असतं, त्याची वंशावळ त्याला कुणी दिलेलीच नसते.

त्यामुळे पट्टीवर विसंबू नका. पानाच्या रंगरूपावर त्याहून कमी विसंबा.

पान फसवतं, देठ सांगतं

घरातल्या हिरव्या झाडांपैकी निम्मी तरी अळूच्या कुळातली निघतात: मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, डिफेनबाकिया, अलोकेशिया, झेडझेड. या कुळातल्या वेलांची पानं वयाप्रमाणे, उजेडाप्रमाणे आणि चढायला आधार आहे की नाही त्याप्रमाणे पार बदलतात. कोकणात एखाद्या आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट बघा. हात-हातभर पानं, कडेनं चिरलेली. लोक त्याला खुशाल मॉन्स्टेरा म्हणतात. तोच वेल दिवाणखान्यात बाटलीतल्या पाण्यात ठेवला की तळहाताएवढ्या अखंड पानावर समाधान मानतो. वर चढला की पान मोठं, खाली लोंबला की लहान. सिंगोनियमचं लहानपणी बाणाच्या टोकासारखं असलेलं पान मोठेपणी पाच-सात तुकड्यांत विभागलं जातं, तेव्हा घरमालकाला वाटतं कुंडीत दुसरंच काही उगवलं.

मनी प्लांटनं तर वनस्पतिशास्त्रज्ञांनाही दमवलं आहे. १८८० साली त्याचं वर्णन पोथोस ऑरियस या नावानं झालं. फूल जवळजवळ येतच नाही, आणि या कुळात प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरवायला फूल लागतं. म्हणून ते सिंडॅप्ससमध्ये गेलं, मग रॅफिडोफोरात, आणि १९६४ साली एपिप्रेम्नम ऑरियम या नावावर येऊन थांबलं. त्याचं मूळ ठिकाण फ्रेंच पॉलिनेशियातलं मोरेआ बेट. बाजारात मात्र ‘पोथोस’ हे पहिलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता सगळ्यात जास्त विचारली जाणारी जोडी: मनी प्लांट आणि बदामी पानाचा फिलोडेंड्रॉन, म्हणजे फिलोडेंड्रॉन हेडेरेसियम. पोपटी रंगातली दोन रोपं शेजारी ठेवली, एक ‘निऑन’ पोथोस आणि एक ‘लेमन लाइम’ फिलोडेंड्रॉन, तर दुरून बघून सांगणारा माणूस अंदाजच करत असतो. कुंडी खिडकीशी घ्या आणि वेलाच्या टोकाकडून सुरुवात करा.

नवं पान कुठून येतंय ते आधी बघायचं. मनी प्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठाच्या बगलेतून, त्या देठाला चिकटून सुरळी होऊन बाहेर पडतं. त्याला स्वतंत्र वेष्टण नसतं. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका छोट्या टोकदार आवरणात गुंडाळलेलं येतं. पान उघडलं की ते आवरण आधी पिवळट, मग तपकिरी होतं, पेरापाशी सालपटासारखं लटकतं आणि गळून पडतं. बरेच जण ते ‘कुजलं’ म्हणून खुडून टाकतात आणि ओळखीचा सगळ्यात पक्का पुरावा केराच्या टोपलीत जातो. तेव्हा वेल साफ करण्याआधी तपासा.

मग देठावर वरच्या बाजूनं बोट फिरवा. मनी प्लांटच्या देठाला पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्रा. जुन्या देठांवर हा पापुद्रा वाळून कागदासारखा झालेला सहज सापडतो. बदामी फिलोडेंड्रॉनचा देठ गोलसर, बारीक आणि गुळगुळीत लागतो. देठ पानाला मिळतो तिथेही बघा: मनी प्लांटमध्ये तिथं कोपरासारखा थोडा जाड सांधा असतो, फिलोडेंड्रॉनमध्ये देठ सरळ पानात शिरतो.

शेवटी पेर. मनी प्लांटच्या पेराला हवाई मुळाचा एकच जाडसर, तपकिरी खुंट असतो. फिलोडेंड्रॉनच्या पेरातून बारीक मुळं दोन-चारच्या झुबक्यानं निघतात. पानाचा जाडपणा आणि मेणचट चमक हे नंतरचं. मनी प्लांटचं पान जाड आणि किंचित उंचसखल असतं, फिलोडेंड्रॉनचं पातळ, मऊ, आणि देठापाशी बदामाची खाच खोल. पण नुसत्या पानावर निकाल देऊ नका, देठ आणि पेर यांची साक्ष हवीच.

रुपेरी ठिपक्यांचं, मखमली दिसणारं ‘सॅटिन पोथोस’ हे या दोघांपैकी काहीच नाही. ते सिंडॅप्सस पिक्टस. मनी प्लांटच्या जवळचं, पण वाढ सावकाश आणि पाण्याची गरज कमी.

एवढी उठाठेव करून मिळतं काय, असा प्रश्न येतोच, आणि या जोडीपुरतं खरं उत्तर असं की फारसं काही नाही. दोघांनाही मध्यम उजेड, माती वरून सुकली की पाणी. नाव चुकलं म्हणून झाड मरत नाही. नाव चुकल्याचा फटका बसतो तो पुढच्या मंडळींमध्ये.

मॉन्स्टेरा नावाची गर्दी

बाजारात फाटलेलं पान दिसलं की त्याला मॉन्स्टेरा म्हणायची पद्धत पडली आहे. त्यात निदान तीन वेगळी झाडं असतात.

खरा मॉन्स्टेरा डेलिसिओसा मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातला. चढणारा वेल, पानाच्या कडेला चिरा आणि वय झालं की मधल्या शिरेलगत भोकंही. लहानपणी मात्र पान अगदी अखंड, बदामी. म्हणूनच छोट्या रोपावर ‘फिलोडेंड्रॉन’ची पट्टी लागते. इथेही देठाच्या वरच्या टोकाला सांधा शोधा. मॉन्स्टेरात तो ठळक असतो, आणि मोठ्या पानात सांध्यापाशी कडेला झालरीसारखी सुरकुती येते.

दुसरं, नर्सरीत ‘सेलोम’ म्हणून मिळणारं. याच्या पानाला खोलवर कातरे असतात, पण आत भोक कधीच नसतं. देठाला तो सांधाही नाही. झाड जुनं झालं की खोड जाड होऊन उभं राहतं आणि गळलेल्या पानांचे डोळ्याच्या आकाराचे वण त्यावर दिसतात. ते वण दिसले की वाद संपला. याचा धाकटा भाऊ ‘झनाडू’. तो आटोपशीर राहतो, तर सेलोम दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरतो. फ्लॅटच्या बाल्कनीत झनाडू समजून सेलोम आणला की दोन-तीन वर्षांत दार उघडायची पंचाईत होते. इथे नाव बरोबर असणं पैशाचं आणि जागेचं काम आहे.

तिसरं ते ‘मिनी मॉन्स्टेरा’. काही ठिकाणी ‘फिलोडेंड्रॉन जिनी’ म्हणूनही विकतात. दोन्ही नावं चूक. हे रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा, मलेशिया आणि दक्षिण थायलंडचं. पानाच्या कडेला चिरा पडतात, भोकं पडत नाहीत. खत बदलून, कुंडी बदलून, मंत्र म्हणून पडत नाहीत. भोकांची वाट बघणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

मॉन्स्टेरा ‘ऑब्लिका’ म्हणून महागात विकलं जाणारं झाड बहुतेक वेळा साधं ॲडान्सोनाय, म्हणजे मॉन्स्टेराचीच दुसरी, सहज मिळणारी जात असतं. खरं ऑब्लिका कागदाइतकं पातळ, फारच हळू वाढणारं आणि दुर्मीळ. कोपऱ्यावरच्या दुकानात हँगिंग कुंडीत ते लटकलेलं सापडेल ही आशा सोडा.

चीक, मुळं आणि इतर झटपट खुणा

काही जोड्या पानाचा एक तुकडा मोडला की सुटतात. चीक हाताला लागू देऊ नका, डोळ्याजवळ नेऊ नका, नंतर हात धुवा.

रबर प्लांट आणि ‘बेबी रबर’: खरा रबर प्लांट म्हणजे फायकस इलॅस्टिका, वड-पिंपळाच्या कुळातला. मेघालयातले जिवंत मुळांचे पूल याच झाडाच्या मुळांचे. पान तोडलं की पांढरा चीक वाहतो, आणि नवं पान लालसर, टोकदार आवरणातून बाहेर येतं. बेबी रबर हे पेपेरोमिया ऑब्ट्युसिफोलिया, त्यात चीक नाही, ते गुडघ्याच्या वर जात नाही. पाण्याच्या बाबतीत दोघं वेगळे: पेपेरोमियाला रबर प्लांटइतकं पाणी घातलं तर खोड बुडाशी मऊ पडतं. सिंगोनियमच्या मोडलेल्या देठातूनही दुधाळ चीक येतो, मनी प्लांटमधून येत नाही. लहान सिंगोनियमबद्दल शंका असेल तर एवढं पुरे.

लांब रंगीत पानांचं ड्रसीना की कॉर्डिलाइन, हे कुंडी बदलताना तपासा. ड्रसीनाची मुळं आतून-बाहेरून पिवळी-नारिंगी असतात, कॉर्डिलाइनची पांढरी. बाजारात ‘टाय प्लांट’ म्हणून येणाऱ्या कॉर्डिलाइनच्या पानाला स्पष्ट देठही असतो. ‘लकी बांबू’ हा बांबू नसून ड्रसीनाच आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक झालं आहे.

आपल्याकडे ‘जेड’ म्हणून मिळणारं बारीक पानाचं, लालसर काडीचं झाड बहुधा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं. परदेशी व्हिडिओत दिसणारं मोठ्या, गुबगुबीत पानाचं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. व्हिडिओ त्या झाडाचा, कुंडी या झाडाची, म्हणून सल्ला जुळत नाही. अरेका पामचंही तेच. मादागास्करहून आलेला हा पिवळसर देठांचा ताड आणि कोकणातली सुपारी यांचं कूळ एक, झाडं वेगळी.

ॲप दर वेळी वेगळं नाव का सांगतं

कारण आपण त्याला पानाचा चेहरा दाखवतो. वरून काढलेल्या एका फोटोत बदामी हिरवं पान एवढंच दिसतं, आणि तसं पान अर्ध्या कुळाला आहे. गुगल लेन्स तर तुमच्यासारखेच फोटो इंटरनेटवर शोधतं, त्यातले कितीतरी विक्रेत्यांच्या चुकीच्या नावांसकट चढवलेले असतात. चूक अशी फिरून आपल्याकडेच येते. प्लांटनेटसारखी ॲप जंगलातल्या, शेताच्या बांधावरच्या झाडांना बरी पडतात, पण संकरित घरगुती वाणांपुढे तीही अडखळतात.

फोटो घ्यायचे तर दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर: एक पूर्ण झाड, एक पानाची मागची बाजू, एक देठ पानाला मिळतो तिथला, एक पेर मुळासकट, आणि उघडत असलेल्या नव्या पानाचा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. हेच पाच फोटो जाणत्या माणसाला पाठवले तरी उत्तर लवकर येतं. ‘हे कोणतं?’ असं लिहून एका पानाचा अंधारातला फोटो पाठवणाऱ्यांना मी फोटो परत मागतो, दुसरा इलाज नसतो.

आणखी एक गंमत. कधी कधी पट्टीही बरोबर असते आणि ॲपही, तरी नावं वेगळी. शास्त्रज्ञांनी प्रजाती बदलल्या की असं होतं. घरात दिसणारी बरीच कॅलेथिया २०१२ पासून गोपर्शिया झाली. सेलोम आणि झनाडू २०१८ मध्ये फिलोडेंड्रॉनमधून थॉमॅटोफायलममध्ये गेले. सान्सेव्हिएरिया, म्हणजे आपला स्नेक प्लांट, आता ड्रसीनात मोडतो. अशा वेळी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर जुनं नाव टाका. ते नवं नाव दाखवतं आणि दोन झाडं समजून डोकं खाजवायची वेळ येत नाही.

रंग उडाला म्हणजे

‘पिंक काँगो’ फिलोडेंड्रॉनचा गुलाबी रंग प्रयोगशाळेत इथिलीनच्या उपचारानं आणलेला असतो. नवी पानं हिरवीच येतात आणि काही महिन्यांत झाड पूर्ण हिरवं होतं. यावर उपाय नाही. उजेड वाढवून पान भाजेल, रंग येणार नाही. ‘पिंक प्रिन्सेस’ हे वेगळं झाड. त्याचा गुलाबी रंग खोडातल्या पेशींतूनच येतो, पण पानागणिक कमी-जास्त होतो आणि एखादी फांदी हिरवी पडू शकते. ती फांदी शेवटच्या रंगीत पेरापर्यंत छाटली तर रंग परतण्याची शक्यता राहते. दुकानात ओळखायचं असेल तर खोड बघा. प्रिन्सेसच्या खोडावर आणि देठांवरही गुलाबी पट्टे असतात, आणि जुन्या पानांत हिरवा-गुलाबी ठिपक्यांचा गोंधळ असतो. काँगोची वरची पानं एकसारखी गुलाबी आणि खालची साफ हिरवी.

इथे मात्र अंदाज चालत नाही

घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर नाव पक्कं होईपर्यंत कुंडी उंचावर ठेवा. अळूच्या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांचा त्रास असतो. अळू घशात खाजतो तोच हा प्रकार, आणि डिफेनबाकियात तो फार जोराचा: पान चावलं तर जीभ आणि तोंड सुजतं. डिफेनबाकिया आणि ॲग्लोनिमा यांत घोळ होतोच. डिफेनबाकियाचं खोड उसासारखं जाड, पान रुंद आणि मधल्या शिरेपासून दोन्हीकडे जवळजवळ निघालेल्या पुष्कळ शिरा. ॲग्लोनिमा त्यामानानं लहान, पान अरुंद आणि जाड. खबरदारीपुरतं दोघांना एकच समजा.

झेडझेड आणि ‘कार्डबोर्ड पाम’ हा घोळ कमी होतो, पण तो महागात पडतो. झेडझेडची पानं चकचकीत, दांडा बुडाशी फुगीर, मातीत बटाट्यासारखे गड्डे. कार्डबोर्ड पाम म्हणजे झामिया फर्फुरेशिया. पानं कडक, पुठ्ठ्यासारखी खरखरीत, बारीक लव असलेली. तो सायकस गटातला, कुत्र्यांना जिवावर बेतण्याइतका विषारी, आणि बिया सगळ्यात वाईट. कुत्रं असलेल्या घरात तो नकोच.

आणि अळूवडी. शोभेचा अलोकेशिया किंवा कॅलॅडियम ‘अळूच तो’ म्हणून स्वयंपाकघरात नेऊ नका. भाजीच्या अळूचा देठ पानाच्या खाचेत न मिळता पानाच्या पाठीवर, जरा आत मिळतो, ही खूण सांगितली जाते आणि ती खरी आहे. पण कॅलॅडियमचा आणि काही अलोकेशियांचा देठही तसाच मिळतो. तेव्हा खाण्याचा अळू भाजीवाल्याकडून किंवा परसातल्या माहितीच्या गड्ड्याचाच. चिंच घातली म्हणून कुंडीतलं पान पानात वाढता येत नाही. कॅलॅडियम ओळखायचा आणखी एक फायदा: थंडीत त्याची पानं सुकून गड्डा मातीत पडून राहतो. मेला समजून कुंडी ओतू नका, पाणी जवळजवळ बंद करा, उन्हाळ्याच्या तोंडाशी कोंब येतो.

तरीही नाव सुटलं नाही तर

प्रजातीपर्यंत पोचलात की बस. ‘ॲग्लोनिमा, लाल पानाचा’ एवढ्यावर पाणी, उजेड आणि खत ठरतं. त्याचे संकरित वाण इतके आहेत आणि एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की फोटोवरून ‘हा अमुकच वाण’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही मोठा संग्राहक असो. वाणाचं नाव कळतं ते ज्यानं छाट दिली त्याच्याकडूनच.

पान लहान असेल, झाड नुकतंच लावलं असेल तर घाई करू नका. वेलाला मॉस स्टिक (शेवाळ गुंडाळलेली आधाराची काठी) द्या, खिडकीजवळ गाळलेला उजेड द्या, आणि पुढची तीन-चार पानं येऊ द्या. बहुतेक शंका तेवढ्यात मिटतात. पाणी मात्र नाव कळेपर्यंत बोटानं माती तपासूनच.

एकदा नाव ठरलं की प्लॅस्टिकच्या पट्टीवर ते पेन्सिलीनं लिहा, खाली कुठून आणि कधी आणलं तेही. मार्करची शाई उन्हापाण्यानं उडते. पट्टी ट्रेला किंवा बाहेरच्या शोभेच्या कुंडीला नको, त्याच मातीत खोल खोचा. छाट कुणाला दिलीत तर तिच्याबरोबर दुसरी पट्टी द्या.